बापाचा नकार आणि कायद्याची हद्द

१८८० साली हिंदुस्थान सरकारने देवीची लस टोचण्याचा कायदा केला. तो मध्य प्रांतालाही लागू होता, आणि चोरखमारा हे जंगलकाठचे गाव तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होते. आज ते गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात आहे आणि नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाते. गोंदिया हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडाऱ्यात मोडत असे. मात्र १८८० चा तो कायदा मध्य प्रांताला लागू असूनही चोरखमाऱ्याला लागू नव्हता. तो फक्त नगरपालिका आणि लष्करी छावण्या यांच्यासाठी होता, तोही आपोआप नव्हे. आधी नगरपालिकेच्या खास सभेत बहुमताने मागणी व्हायची, मग सरकार ती जाहीर करायचे, आणि ज्या रहिवाशाला हरकत असेल त्याने सहा आठवड्यांत ती लेखी कळवायची. म्हणजे शहरातल्या बापाला हरकत घ्यायची रीतसर सोय होती आणि सक्ती सुरू झाल्यावर न ऐकल्यास दंडही होता. जंगलकाठच्या गावातल्या बापाला यातले काहीच नव्हते. त्याचा नकार गुन्हा ठरत नव्हता आणि हक्कही ठरत नव्हता. मुलाच्या औषधोपचाराला आईबापांनी धर्माच्या नावाने घेतलेली हरकत आणि कायदा यांचा आपल्याकडचा इतिहास पाहताना ही हद्द ध्यानात ठेवावी लागते. कारण माझे म्हणणे असे आहे की कागदावर ज्याला ‘धार्मिक हरकत’ म्हटले गेले, त्यात धर्माचा वाटा बहुतेक वेळा अर्धामुर्धाच होता. उरलेले अंतर होते, दुखणे होते, जातीची शिवाशिव होती आणि सरकारी माणसाविषयीचा संशय होता. उपचाराचे रूप बदलले की त्या हरकतीचा मोठा भाग विरघळलेला दिसतो. विरघळत नाही असा भाग थोडा उरतो, आणि नेमका त्या उरलेल्या भागासाठी आपल्या कायद्याने आजवर नीट काही लिहून ठेवलेले नाही.

आधी हे पाहायला हवे की त्या काळच्या गावात नाकारण्यासारखा उपचार होता तरी कोणता. देवी अंगावर आल्यावर तिला औषध नव्हते, डॉक्टरकडेही नव्हते. आजाऱ्याच्या अंगात देवी आली आहे असे मानून घरात फोडणी बंद करायची, आवाज बेताचा ठेवायचा, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचा, बाहेरच्या माणसाला आत येऊ द्यायचे नाही आणि फोड वाळले की मातामायच्या ठाण्यावर पूजा करायची, ही पूर्व विदर्भातली चाल होती. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली जे खंड प्रसिद्ध केले, त्यांत देवीच्या पूजेचे काम माळ्यांकडे असल्याची नोंद आहे. या चालीत भाबडेपणा होता, पण आजाऱ्याला वेगळे ठेवणे आणि त्याला शांतता देणे यापेक्षा अधिक काही त्या काळचे वैद्यकही करू शकत नव्हते. लस ही निराळीच गोष्ट. ती आजारासाठी नव्हती, धडधाकट मुलासाठी होती. ज्याला काहीही झालेले नाही त्या लेकराच्या दंडाला परक्या माणसाकडून जखम करून घ्यायची, चार दिवस त्याचा ताप सोसायचा, आणि हे कशासाठी तर पुढे कधीतरी येऊ शकेल अशा संकटासाठी. ही मागणी कोणत्याही काळच्या आईबापांना जड जाते. त्यात ती देवीच्या इच्छेत ढवळाढवळ वाटत असे हे खरे. पण तेवढेच कारण धरून बसलो तर मुंबईत पुढे जे घडले त्याचा अर्थ लागत नाही.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली यशस्वी लस. लस बाटलीत टिकत नसे, म्हणून एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून तो दुसऱ्याच्या दंडात घालायचा, दुसऱ्याकडून तिसऱ्याच्या, अशी ती हातोहात पुढे न्यावी लागे. या साखळीत प्रत्येक मूल आधी घेणारे आणि आठवड्याभराने देणारे असे. आईबापांच्या दृष्टीने यात दोन गोष्टी असह्य होत्या. एक म्हणजे कोणत्या जातीच्या मुलाचा द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार हे आपल्या हाती नाही; दुसरी म्हणजे आपल्या मुलाचा फोड पुन्हा उघडून त्यातून दुसऱ्यासाठी काढून घेणार. लस टोचणाऱ्याच्या दप्तरात हे सगळे ‘पूर्वग्रह’ किंवा ‘धर्म’ या एकाच खात्यावर टाकले जाई. पण १८६९ मध्ये अनंत चंद्रोबा या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या मराठी डॉक्टरने मुंबईत वासरावर लस तयार करण्याची पद्धत सुरू केली. आता मुलाकडून मुलाकडे काही जायचे नव्हते. वासराचे नाव आल्यावर हिंदूंची हरकत वाढायला हवी होती, निदान ज्याला धार्मिक हरकत म्हणत होते ती खरोखर धार्मिक असती तर. काहींची वाढलीही. पण आठच वर्षांनी, १८७७ च्या पहिल्या कायद्याने, मुंबई शहरात मुलांना लस टोचणे सक्तीचे झाले आणि शहर पेटले नाही. सक्ती पचली, कारण तिच्या आधी उपचारातली सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट काढून टाकली गेली होती. जातीची शिवाशिव हाही धर्मच की, असे कोणी म्हणेल. असेल, पण मग तो असा धर्म आहे की ज्याला कायद्याने धडा शिकवावा लागला नाही, पद्धत बदलल्यावर तो आपणहून मागे सरला.

१८८० च्या कायद्यात आणखी एक बारीक खूण आहे. ‘मूल’ म्हणजे चौदा वर्षांखालचा मुलगा आणि आठ वर्षांखालची मुलगी, अशी त्यात व्याख्या होती. देवीचा रोग मुलीच्या आठव्या वर्षी थांबत नाही. कायदा करणाऱ्यांनी इथे रोगाचे वय न पाहता लग्नाचे आणि पडद्याचे वय पाहिले. चालीरीतीला इतकी मोकळी वाट करून देणारे सरकार त्याच वेळी खेड्यांना कायद्याबाहेर ठेवत होते, यात मला विसंगती दिसत नाही. जिथे सक्ती राबवायला माणसे नाहीत तिथे सक्ती न लिहिणे हा साहेबी व्यवहारीपणाच होता. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात जन्ममृत्यूची खबर पोलिसांना द्यायची ती गावच्या कोतवालाने. लस टोचणारा वर्षातून एखादा फेरा मारील तर मारील. अशा गावात बापाच्या नकाराची परीक्षा घेणारे कोणी पोहोचलेच नाही. आणि पुढे वर्षानुवर्षे मात्र अहवालांत लिहिले जात राहिले की जंगलातले लोक अंधश्रद्धेमुळे लस घेत नाहीत.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये या प्रश्नावर कायद्याने उघड झुंज घेतली होती. ‘पिक्युलियर पीपल’ नावाचा एक छोटा ख्रिस्ती पंथ होता. आजारात डॉक्टर बोलवायचा नाही, वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करून तेल लावायचे, एवढाच इलाज ते मानत. वॅगस्टाफ या जोडप्याचे मूल फुप्फुसाच्या दाहाने गेले आणि १८६८ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांनी मुलाची सेवा केली होती, हेळसांड केली नव्हती, विश्वास प्रामाणिक होता, म्हणून ते सुटले. त्याच वर्षी संसदेने गरिबांविषयीच्या कायद्यात कलम घातले: जाणूनबुजून मुलाला वैद्यकीय मदत न देणारा बाप गुन्हेगार. १८७५ च्या आणि १८९९ च्या खटल्यांत याच पंथाचे लोक दोषी ठरले. पण ज्या देशाने हे कलम स्वतःसाठी केले, त्यानेच १८९८ मध्ये लशीच्या बाबतीत माघार घेऊन सदसद्विवेकाने हरकत घेणाऱ्या पालकाला सूट दिली. १८५३ पासूनच्या सक्तीविरुद्ध लेस्टरसारख्या शहरांत हजारोंचे मोर्चे निघाले होते. आजारी मुलाला औषध नाकारणे आणि निरोगी मुलाला लस नाकारणे यांतला फरक इंग्रजी कायद्याला अर्धशतकाच्या भांडणातून कळला. आपल्याकडे हे भांडण झालेच नाही. भारतीय दंड संहिता १८६० ची, म्हणजे वॅगस्टाफ खटल्याच्या आठ वर्षे आधीची. नंतर कोणी ते कलम इकडे आणले नाही.

दंड संहितेत मुलाच्या उपचाराचा विचार नव्हता असे मात्र नाही. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाच्या संमतीने केलेली कृती गुन्हा नाही, असे ८९ वे कलम सांगत होते, आणि त्याखालचे उदाहरण मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचे होते. मूल दगावू शकते हे माहीत असूनही केवळ त्याच्या भल्यासाठी बाप त्याला शस्त्रवैद्याकडे सोपवतो. त्याला दोष नाही. ९२ व्या कलमाखालचे उदाहरण आणखी बोलके आहे. मुलाला अपघात झाला आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर ते जाणार, पालकाला विचारायला वेळ नाही. मूल गयावया करत असतानाही वैद्याने शस्त्र चालवले, तर तो निर्दोष. आज भारतीय न्याय संहितेत हीच कलमे नव्या क्रमांकांनी आहेत. या दोन उदाहरणांमध्ये एक जागा मोकळी राहिली आहे. बाप संमती देतो, हे झाले. बाप हजर नाही, हेही झाले. पण बाप समोर उभा आहे, शुद्धीवर आहे आणि ‘नको’ म्हणतो आहे, त्याचे काय? ८९ आणि ९२ व्या कलमांच्या लेखकांना असा बाप सुचला नाही. संहितेचा पहिला मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या काळात शस्त्रक्रिया म्हणजे भूल न देता केलेली कापाकापी होती; तिला नकार देणारा बाप बहुधा शहाणाच समजला गेला असता. नकार खऱ्या अर्थाने चूक ठरू लागला तो उपचार खरोखर गुणकारी झाल्यावर.

हा समोर उभा असलेला बाप मराठी मुलखात एकदा अगदी स्पष्ट दिसतो, आणि तो खेडूत नाही, बॅरिस्टर आहे. १९०२ मध्ये मोहनदास गांधी मुंबईत गिरगावात राहायला आले असताना त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला, त्यात न्यूमोनियाची लक्षणे दिसू लागली. पारशी डॉक्टरने सांगितले की औषधाचा फारसा उपयोग होणार नाही, अंडी आणि कोंबडीचे सूप द्या. गांधींनी धर्माचे कारण देऊन नकार दिला. कटिस्नान, ओल्या चादरीची घडी आणि संत्र्याचा रस यांवर त्यांनी मुलाला ठेवले. डॉक्टरने अधूनमधून नाडी आणि छाती तपासून जावे एवढी विनंती केली, आणि त्या भल्या माणसाने ती मान्य केली. ताप १०४ पर्यंत गेला. मूल वाचले. आत्मकथेत गांधींनी हा प्रसंग सांगितला आहे आणि त्यातच आपल्या छंदांचा भार मुलावर टाकण्याचा बापाला काय अधिकार, हा प्रश्नही स्वतःला विचारला आहे. मुलगा कशाने बरा झाला, देवाच्या कृपेने, पाण्याच्या उपचाराने की पथ्याने, हे कोण सांगणार, असेही ते म्हणतात. या प्रसंगाकडे भक्त ‘श्रद्धेची कसोटी’ म्हणून पाहतात आणि टीकाकार हट्ट म्हणून. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. डॉक्टरकडे त्या क्षणी देण्यासारखे नेमके औषध नव्हते. विषमज्वरावर प्रतिजैविक यायला अजून चार दशके होती. म्हणून नाकारले गेले ते खाणे होते, इलाज नव्हता. आणि बापाने डॉक्टरला दाराबाहेर काढले नाही. हाच नकार १९५२ मध्ये, क्लोरॅम्फेनिकॉल समोर ठेवलेले असताना दिला असता, तर त्याचे नैतिक वजन अगदी बदलले असते. स्वतःच्या देहाबाबत गांधी पुढे अधिक लवचीक झाले: जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया त्यांनी करून घेतली. प्रौढाने आपल्यापुरता निर्णय कसाही घ्यावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका खटल्यात हीच रेघ ओढली, की आईबाप स्वतः हुतात्मे होऊ शकतात, मुलांना हुतात्मे करू शकत नाहीत.

इथे एक रोखठोक आक्षेप येतो. हे सगळे समजावणीचे बोलणे ठीक आहे, पण देवी गेली ती सक्तीने, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. देवी निर्मूलनाच्या अखेरच्या वर्षांत सिंगभूमच्या हो आदिवासी गावात पथकाने रात्री दार तोडून, धरून ठेवून लस टोचल्याचे त्या मोहिमेतल्याच डॉक्टरने लिहिले आहे; घरचा कर्ता देवाची मर्जी म्हणून विरोध करत होता. १९७५ च्या मे महिन्यात देशातला देवीचा प्रसार थांबला, १९७७ मध्ये तशी अधिकृत घोषणा झाली. पण मोहीम जिंकली ती दारे तोडून नव्हे. सरसकट सगळ्यांना टोचण्याचा आग्रह सोडून, रोगी शोधा आणि त्याच्या भोवतालच्यांना टोचा, ही पद्धत आल्यावर चित्र पालटले. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस लावले गेले आणि ते अखेरीस हजार रुपयांवर गेले. शोधाने आणि बक्षिसाने जे साधले ते दार तोडून साधलेल्यापेक्षा फार मोठे होते. आणि सक्तीची किंमत आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरे तपासणे, माणसे उचलून नेणे याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या प्राणघातक गोळीत झाला. प्लेगची लस त्याच वर्षी हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत तयार केली होती आणि तिच्याकडे लोकांनी बराच काळ संशयाने पाहिले. संसर्गजन्य रोगात सक्तीला एक आधार असतो, कारण एका घराच्या नकाराचे मोल शेजारचे मूल चुकवते. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईतल्या गोवंडीत आणि मालेगावात गोवर पसरला तेव्हा ते पुन्हा दिसले. पण तिथेही दारोदार फिरणाऱ्या बाईने आणि मशिदीतल्या सांगण्याने जे झाले ते नोटिशीने झाले नसते.

आता कायदा आपल्या काळात कुठे येऊन ठेपला ते पाहू. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर चारच दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात तो महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. अठरा वर्षांची घासाघीस त्यामागे होती. मूळच्या मसुद्यातली कितीतरी कलमे त्यात गळून पडली. उरलेल्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. त्यांतली एक आपल्या विषयाच्या सर्वांत जवळची: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. घरातली पूजा, प्रार्थना, वारी, उपासना यांना कायदा हात लावत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे कलम चोरखमाऱ्यासारख्या जंगलकाठच्या गावासाठीच लिहिल्यासारखे वाटते. धान कापणीच्या दिवसांत बांधावर, आणि पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या घरात, साप हा रोजचा धोका आहे. मण्यारीचा दंश तर दुखतही नाही. पहाटे पोरगे पोट दुखते म्हणून रडते, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटते की कोणाची नजर लागली. मांत्रिकाची कीर्ती कशावर उभी असते हे समजून घेतले पाहिजे. चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही. म्हणून मांत्रिकाचे बरेचसे रोगी काहीही न करता वाचतात आणि प्रत्येक वाचलेला रोगी त्याच्या खात्यावर जमा होतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष हाफकिनच्या नावाच्या मुंबईतल्या संस्थेत तयार होते, पण त्याचा पुरेसा उपयोग ते लवकर मिळाले तरच. दवाखाना वीस-पंचवीस किलोमीटरवर, गाडी नाही, आणि मांत्रिक पलीकडच्या टोल्यावर, असा हिशोब असताना आईबाप आधी कुठे जातील हे कळायला श्रद्धेचा अभ्यास लागत नाही.

पण कायद्याची भाषा कुठे अपुरी पडते तेही पाहा. कलमात कुत्रा, साप आणि विंचू आहेत. ताप नाही, जुलाब नाही, झटके नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात तापाने फणफणलेल्या दोन लहान भावांना आईबापांनी आधी पुजाऱ्याकडे नेले, जडीबुटी दिली. मग जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत दोघेही गेले होते. रुग्णवाहिकेसाठी थांबण्याऐवजी त्यांनी मुलांचे मृतदेह खांद्यावर घेतले आणि सुमारे पंधरा किलोमीटर पायी चालत परतले. राज्यभर वर्तमानपत्रांत ते छायाचित्र आले. त्या छायाचित्रात अंधश्रद्धा पाहणारेही होते आणि रस्ता पाहणारेही. मेळघाटात तर कायद्याची दुसरी फट उघडी पडते. तान्ह्या बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर चटके द्यायचे, याला तिथे डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यात जेमतेम तीन आठवड्यांच्या बाळाला असे चटके दिल्याचे उघड झाले आणि गुन्हा नोंदला गेला. जादूटोणाविरोधी कायद्यात तापलेली वस्तू अंगाला लावण्याचा उल्लेख आहे, पण तो भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेल्या छळाच्या कलमात. डंब्यात भूत नसते, पोटफुगी असते. चटके देणाऱ्या म्हातारीच्या मनात तो औषधोपचारच असतो, आणि आईबाप तो आपल्या बाळाच्या प्रेमापोटीच करून घेतात. म्हणजे ज्याला आपण धार्मिक हरकत म्हणू पाहतो ती इथे हरकतच नाही. ती एका इलाजाऐवजी दुसरा इलाज निवडणे आहे.

या मुद्द्यावरचा पक्का पुरावा चोरखमाऱ्याच्या दक्षिणेला, गडचिरोलीत मिळतो. बाळंतीण आणि बाळ काही दिवस घराबाहेर काढायचे नाही ही तिथली चाल, आणि आजारी नवजाताला दवाखान्यात न्या म्हटले की घरोघर नकार मिळे. शहरातल्या डॉक्टरला हा सरळसरळ धर्माचा आणि रूढीचा नकार वाटला असता. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन बाळाची तपासणी करायला आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला लावले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार ९३ टक्के नवजातांपर्यंत ही काळजी पोहोचली, नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले आणि जंतुसंसर्गाने आजारी बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आले. तेच आईबाप, तीच चाल, तीच सुई. फरक एवढाच की सुई ओळखीच्या बाईच्या हातात होती आणि उंबरठा ओलांडावा लागत नव्हता. हरकत सुईला असती तर घरातही झाली असती. पुढे याच पद्धतीचा एक भाग देशभरातल्या आशा ताईंच्या कामात आला, जरी इंजेक्शनचा भाग त्यातून बहुधा वगळलाच गेला, ही मला या यशाची दुबळी बाजू वाटते.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूचा आहे, आणि तो आदिवासी कार्यकर्त्यांकडून येतो. पुजारी, भूमका, वैदू यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा ही शहराची दादागिरी आहे. ज्या सरकारला ऐंशी वर्षांत रस्ता देता आला नाही त्याने तुरुंग मात्र वेळेवर दाखवावा, हे कसे? यातला राग खरा आहे. मेळघाटात भूमकांना रुग्ण दवाखान्यात आणल्याबद्दल मानधन देण्याचा मार्ग काढला गेला, तो या रागाला दिलेले समंजस उत्तर आहे. पण या युक्तिवादाची पुढची पायरी मला मान्य नाही. संस्कृतीचा हक्क जमातीचा असतो. मरणारे मूल एकटे असते. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्य हा शब्द तिथे पहिल्यापासून आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात कितीतरी राज्यांनी प्रार्थनेवर भिस्त ठेवणाऱ्या आईबापांना कायद्यात सूट लिहून दिली आणि ती पुसायला त्यांतल्या बऱ्याच राज्यांना अजून जमलेले नाही. आपल्याकडे तशी सूट कोणी मागितली नाही, कोणी दिलीही नाही. विदर्भाचेच गाडगेबाबा नवसाच्या बकऱ्यावर कोरडे ओढत होते आणि तुकडोजी महाराज गावाच्या आरोग्याला भक्तीत धरत होते. डॉक्टरकडे जाण्याने देव कोपतो असे सांगणारा मोठा संत मराठी परंपरेत शोधावा लागेल.

मग उरलेल्या थोड्या घरांचे काय, जिथे दवाखाना जवळ आहे, गाडी दारात आहे, डॉक्टर समजावतो आहे आणि बाप देवाचे नाव घेऊन मूल उचलून नेतो? २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाने मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. ही शिक्षा मूल गेल्यावर येते आणि बहुतेक वेळा अशा घरावर येते ज्याचे दुसरे मूलही त्याच बापाच्या मजुरीवर जगत असते. तिचा उपयोग मला फारसा दिसत नाही. उपयोगाची गोष्ट आधी लागते, त्याच तासाला. आज रुग्णालयात काय होते? डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहे, अशा कागदावर बापाचा अंगठा घेतला जातो. तो कागद रुग्णालयाला वाचवतो. बाल न्याय कायद्यात उपेक्षित मुलाला बाल कल्याण समितीसमोर नेण्याची तरतूद आहे, आणि समिती बसलेली नसेल तेव्हा एकट्या सदस्यासमोरही नेता येते. गोंदियातल्या एखाद्या सदस्याला रात्री फोन लावून तिरोड्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने सांगावे की मण्यारीचा दंश आहे, बाप नेतो म्हणतो, मला प्रतिविष द्यायची परवानगी हवी. आणि त्या सदस्याने दहा मिनिटांत ती द्यावी, नंतर समितीने तपासावी, एवढा नियम राज्य सरकारला साध्या अधिसूचनेने करता येण्यासारखा आहे. सध्याच्या शब्दांत एकट्या सदस्यासमोर मूल न्यायचे ते बालगृहात किंवा योग्य व्यक्तीकडे ठेवण्यासाठी. सलाईन लावण्यासाठीही ते नेता येईल, असे अजून कोणी लिहिलेले नाही.